दोन किलो सहाशे

दुकानात दुधाचे डबे, लहानग्यांचे लोकरी मोजे,
आणि त्याच रांगेच्या टोकाला
साखळीत ओवलेल्या बंदुका.
ओडाकने कुलूप काढलं. "कितीपर्यंतची दाखवू?"
क्रोनर नंतर सांग, म्हटलं,
आधी मासळी तोलायचा काटा आण.

सिसिमिउतमध्ये याहून विचित्र मागण्या त्याने ऐकल्या असणार.
काटा आणला. पुसलासुद्धा.

वडिलांची बंदूक मी घरीच तोलली होती :
चार किलो तीनशे. दुर्बिणीसकट, पट्ट्यासकट,
दस्त्यावर त्यांच्या गालाने चाळीस वर्षांत पाडलेला
तो गुळगुळीत खळगा धरून.
(खळगा वजनात धरायचा की वजा करायचा
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

ते ती घेऊन तळ्यापलीकडे दोन दिवस चालत.
माझ्या कमरेतला एक मणका मात्र
पहिल्या चढालाच राजीनामा देतो.
हलकी हवी. आणि आखूड :
वाळुंजाच्या झुडपात लांब नळी
हट्टी पोरासारखी मागे ओढते,
होडीत चढताना शेजाऱ्याच्या कानशिलात बसते.

पहिली दिली त्याने. कोळशाच्या रंगाची, प्लॅस्टिकच्या दस्त्याची.
काट्याची सुई दोन किलो सहाशेवर थांबली.
हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटेना.

"ऐक," ओडाक म्हणाला,
"हलक्या कानाचा माणूस जो बोलेल त्याचा.
हलकी नळीही तशीच.
धाप लागली की धापेची, थंडी वाजली की थंडीची.
जड बंदूक तुझं ऐकत नाही, हाच तिचा गुण.
आणि हिचा धक्का खांद्याला आठवडाभर आठवेल."

मी आणखी तीन तोलल्या.
एक सुंदर होती, तिचा खटका लोण्यातून फिरायचा,
पण तीन किलो चारशे. परत ठेवली.
सुंदर गोष्टी परत ठेवायचं वय झालंय.

ऑगस्टमध्ये गेलो, मी आणि भाचा उयाराक.
दुसऱ्या दिवशी दुपारी उतारावर तो उभा,
शिंगांवरून लव सोलून लोंबतेय, वारा आमच्याकडे.
मी पाठपिशवीवर नळी टेकवली
आणि नळी नाचायला लागली.
माझ्या नाडीसकट सगळं दुर्बिणीत दिसत होतं.
थांबले. उयाराक कुजबुजला, "आत्या, मार ना!"
अकरा श्वास मोजले. बारावा
अर्धा सोडला आणि धरला.

एकच गोळी.
खांद्यावर पिकल्या बोराएवढा डाग उमटला,
तो रात्रीपर्यंत तळहाताएवढा झाला.

मग सुरी. मग कातडं, मांड्या, फासळ्या.
उयाराकने त्याची पिशवी भरली, मी माझी.
वडील इथेच नेहमी उठायचे, हात गवताला पुसायचे.
जीभ आणि पाठीवरची चरबीची पट्टी
एका सपाट दगडावर मांडून म्हणायचे,
डोमकावळ्यांचा वाटा.
मला वाटायचं, केवढा मोठा माणूस.

माझ्या पिशवीत या वेळी जागा उरली.
मी जीभ उचलली. चरबी गुंडाळली.
हातानेच अंदाज घेतला, काट्याची सवय लागली होती :
पावणेदोन किलो, थोडं कमीच.

म्हणजे तेवढंच.
तेवढंच तर ते बंदुकीपायी मागे ठेवत होते,
आणि कधी बोलले नाहीत
की उचलवत नाही.

पिशवीचा बंद परत सोडला.
चरबीचा बोटभर तुकडा कापून दगडावर ठेवला,
म्हाताऱ्याचा शब्द हलका पडू नये म्हणून.

बराच वेळ एकही कावळा आला नाही.
उयाराकला भूक लागली होती. आभाळ खाली येत होतं.
"चल," मी म्हटलं.

वीस पावलांवर मागे पंख वाजले.
वळून बघता आलं नाही,
पाठीवर अठ्ठावीस किलो होते.